१९६४ चं घड्याळ १९९६ साली जन्मलं असेल तर?

*"मला जुन्या धाटणीचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, घ्यायचं आहे. दोन घड्याळांवर जीव अडकलाय. एक काळ्या तबकडीचं ह्यूअर कॅरेरा. विकणारे गृहस्थ म्हणतात, १९६४ चं आहे, कुणी घातलंच नाही म्हणून नव्यासारखं राहिलंय. कागदपत्रं नाहीत. मागच्या झाकणावर 'सीएस ३१११' वाचता येतं. दुसरं चिनी, तबकडीवर लाल तारा आणि '२१ झुआन' असं काहीतरी, जाहिरातीत 'ओरिजिनल १९६३'. पहिलं महाग आहे, पण खरं जुनं याच्या कितीतरी पट महाग असतं म्हणे, म्हणून मोह होतोय. दुसरं इतकं स्वस्त की भीती वाटतेय. यातलं खरं कुठलं, खोटं कुठलं, आणि घेताना मी बघू तरी काय? – दोन तबकड्यांत अडकलेला"*

उत्तर आधी सांगून टाकतो, कारणं मागून. तुमच्या पत्रावरून तरी दोन्ही घड्याळांत बनावट काही दिसत नाही. बनावट आहे ते दोन्हींना चिकटवलेलं साल. पहिलं १९९६ च्या आधीचं असूच शकत नाही. दुसरं बहुधा तुमच्या फोनच्याच वयाचं असेल. दोन्ही रीइश्यू आहेत, म्हणजे जुन्या आराखड्यावर नव्याने काढलेली, आणि रीइश्यू घेण्यात कमीपणा काही नाही. हे लिहिताना माझ्या मनगटावरही तसलंच एक आहे.

रीइश्यू म्हटलं की एका घड्याळाची दोन सालं होतात. एक आराखड्याचं, दुसरं त्या नगाच्या जन्माचं. नावात आणि जाहिरातीत मिरवतं ते पहिलं. किंमत ठरायला हवी ती दुसऱ्यावरून. गंमत अशी की विकणाऱ्याला फसवण्यासाठी खोटंही बोलावं लागत नाही. 'हे १९६४ चं मॉडेल आहे' हे वाक्य अक्षरशः खरं असतं! म्हणून मॉडेल कुठल्या सालचं हे विचारूच नका. 'हा नग कुठल्या साली तयार झाला आणि आत कुठलं मशीन आहे' एवढं विचारा आणि उत्तर लेखी मागा. निम्मे विक्रेते इथेच पातळ होतात.

शब्द एकदा लावून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कंपनीने स्वतःचंच जुनं घड्याळ पुन्हा काढलं तर ते रीइश्यू किंवा री-एडिशन. दुसऱ्याने स्वतःच्या नावाखाली जुन्याची धाटणी उचलली तर होमेज. घड्याळ जुनं पण तबकडी पुन्हा रंगवलेली, तर रीडायल. चार घड्याळांचे अवयव जोडून उभं केलेलं ते फ्रँकन. दुसऱ्याचं नाव लावून विकलं तर नकली, त्याबद्दल बोलायलाच नको. याखेरीज एक मधलाच प्रकार आहे. बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत बुडालेल्या कंपन्यांची नावं नव्या माणसांनी घेऊन पुन्हा उभी केली. निवाडा ग्रेंशेनचं क्रोनोमास्टर असंच २०२० मध्ये परतलं. याला रीइश्यू म्हणायचं की नाही यावर शौकीन तासन्तास भांडतात. मी म्हणतो, आराखडा इमानाने पाळलाय आणि साल लपवलेलं नाही ना, मग म्हणा काय म्हणायचं ते.

आता कॅरेरा. जॅक ह्यूअर यांनी ते १९६३ मध्ये आणलं, नाव घेतलं मेक्सिकोतल्या कॅरेरा पानामेरिकाना या मोटारशर्यतीवरून. १९८५ मध्ये टॅग या कंपनीने ह्यूअर विकत घेतली आणि नाव टॅग ह्यूअर झालं. १९९६ मध्ये याच टॅग ह्यूअरने '१९६४' ची री-एडिशन काढली, पण तबकडीवर छापलं फक्त 'ह्यूअर'. घोळ इथून सुरू होतो. 'टॅग' दिसत नाही म्हणजे १९८५ च्या आधीचं, असा सरळ हिशेब कुणीही करेल आणि तोंडावर आपटेल. एरवी मी लोकांना आधी मोजपट्टी लावा म्हणून सांगतो, कारण बहुतेक रीइश्यू मूळ घड्याळापेक्षा अंगाने भरलेली असतात. कॅरेराच्या बाबतीत तीही खूण लंगडी पडते. मूळ घड्याळ ३६ मिलिमीटरचं, आणि री-एडिशनही जवळपास तेवढीच.

पण तुम्ही वाचलेल्या क्रमांकाने सगळं सांगून टाकलंय. सीएस ३१११ म्हणजे त्या री-एडिशनची काळी तबकडी, चंदेरी तबकडीची ती सीएस ३११०. साठच्या दशकातल्या तीन छोट्या तबकड्यांच्या कॅरेराचा क्रमांक २४४७, आणि तो शोधायची जागाही वेगळी. पट्टा काढला की शिंगांच्या, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकांच्या मधे, बाराच्या बाजूला मॉडेलचा क्रमांक कोरलेला असतो आणि सहाच्या बाजूला त्या नगाचा. पॉलिश करणाऱ्यांनी तो बऱ्याचदा घासून पुसट करून ठेवलेला असतो, ती रड वेगळी.

झाकण उघडलं तर उरलासुरला संशयही फिटेल. मूळ कॅरेरात व्हॅलजू ७२ हे मशीन असे. त्यात क्रोनोग्राफचं चालू-बंद एका कॉलम व्हीलवर चालतं. छोट्या बुरुजासारखं, उभ्या खांबांचं ते चाक एकदा पाहिलंत की पुन्हा चुकणार नाही. री-एडिशनमध्ये लेमानिया १८७३ आहे. तिथे बुरुज नाही, एका पत्र्याच्या कॅमवर तेच काम होतं. ऐकायला हलकं वाटेल, पण हे ओमेगाच्या स्पीडमास्टरमधल्या ८६१ या मशीनचंच रूप आहे, म्हणजे दुरुस्त करणारे आणि सुटे भाग दोन्ही मिळतात. तेव्हा घड्याळ चांगलं आहे. री-एडिशनच्या भावात मिळत असेल तर मी घेईन. 'कुणी घातलंच नाही' या वाक्यावर मात्र एक पैसाही जादा देऊ नका. चालवलं न चालवलं, पंचवीस-तीस वर्षांत तेल सुकतंच. ते घड्याळ घेतल्या घेतल्या सर्व्हिसिंगला जाणार, तो खर्च आजच किमतीतून वजा करा.

झाकण उघडायला सगळेच तयार होत नाहीत, म्हणून न उघडता करायच्या दोन परीक्षा सांगतो. पहिली मी स्वतःच्या पैशांनी शिकलो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी साठच्या दशकातलं म्हणून एक क्रोनोग्राफ घेतलं होतं. काटे छान पिवळसर, तबकडीवर हलकी तपकिरी झाक, मी खूश. रात्री दिवा मालवला आणि उशाशी ठेवलेलं ते घड्याळ काजव्यासारखं चमकायला लागलं. पहाटे जाग आली तेव्हाही चमकतच होतं. मी पलंगावर उठून बसलो आणि किती पैसे गेले याचा हिशेब केला.

त्याचं असं आहे की अंधारात चमकणाऱ्या सगळ्याच रंगाला आपण सरसकट 'रेडियम' म्हणतो, पण खरं रेडियम घड्याळांतून साठच्या दशकात बाहेर पडलं. त्यानंतर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ट्रिशियम या दुसऱ्या किरणोत्सर्गी पदार्थाचं राज्य होतं, आणि मग आधी उजेड पिऊन मग चमकणारं आजचं सुपर-ल्युमिनोव्हा आलं. ट्रिशियमचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं. १९६४ मध्ये लावलेल्या ट्रिशियमपैकी आज चार टक्केसुद्धा उरलेलं नाही. रेडियमचं अर्धायुष्य १,६०० वर्षं, पण त्याच्या माऱ्याने सोबतचा चमकणारा पदार्थच जळून जातो, त्यामुळे तेही विझलेलं असतं. मात्र विझलं तरी किरणोत्सर्ग जात नाही, म्हणून जुन्या काट्यांवरचा रंग कधी खरवडू नका. तर परीक्षा अशी: तबकडीवर अर्धा मिनिट टॉर्च मारा आणि अंधाऱ्या खोलीत जा. जुना रंग एक तर मुका राहील किंवा काही क्षण मिणमिणून विझेल. तासन्तास हिरवं चमकत राहिलं तर तो रंग नवा आहे.

रंग नवा निघाला म्हणजे घड्याळही नवंच, असं मात्र नाही. जुन्या काट्यांना कुणीतरी नवा रंग भरलेला असू शकतो. उलट तबकडीच्या तळाशी 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर दिसलं, म्हणजे ट्रिशियमची कबुली दिसली, की लगेच साठचं दशक धरून बसू नका. ती खूण १९९६ च्या घड्याळावरही असू शकते. आणि पिवळसरपणा तर खूणच नव्हे. आजकाल कारखान्यातूनच रंगाला जुनाट मलईची छटा देऊन पाठवतात, शौकीन त्याला 'फोटिना' म्हणतात. मला हा प्रकार फारसा आवडत नाही. नव्या मुलाचे केस पांढरे करून त्याला आजोबा म्हणायला लावण्यासारखं वाटतं. पण खपतो भरपूर, त्यामुळे माझं कोण ऐकतो!

दुसरी परीक्षा फोनची. क्रोनोग्राफचा काटा चालू असताना स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगा आणि एका सेकंदात काटा किती पावलं टाकतो ते मोजा. व्हॅलजू ७२ तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच पावलं. लेमानिया १८७३ चे २१,६००, म्हणजे सहा. आजच्या रीइश्यूमध्ये सर्रास सापडणाऱ्या व्हॅलजू ७७५० च्या वंशात २८,८००, म्हणजे आठ. '१९६४ चं' म्हणून दाखवलेलं घड्याळ सेकंदाला आठ पावलं टाकत असेल तर पुढे बोलणंच नको. क्रोनोग्राफचा काटा असा सरकतोय, पण चालू सेकंदाचा छोटा काटा सेकंदाला एकच टुणकन उडी मारतोय, तर आत बॅटरीचं मेका-क्वार्ट्झ आहे. ते वाईट नाही. शून्यावर आणायचं बटण दाबलं की काटा झटक्यात परततो आणि देखभाल जवळपास शून्य. फक्त चावीच्या घड्याळाचे पैसे त्याला देऊ नका.

एवढी झटापट का करायची? कारण काही रीइश्यू वरून हुबेहूब असतात आणि फरक सगळा आत किंवा कडेला असतो. ब्राइटलिंगने २०१९ मध्ये १९५९ च्या नेव्हिटायमर ८०६ ची री-एडिशन काढली, १,९५९ नग. माप ४०.९ मिलिमीटर, काच प्लेक्सीची म्हणजे प्लॅस्टिकची, मशीन हातचावीचं. इतकं इमानदार काम मी क्वचित पाहिलंय, पण मूळ घड्याळात व्हीनस १७८ होतं आणि यात कंपनीचं स्वतःचं बी०९ आहे. हॅमिल्टनने १९६८ चं घड्याळ २०१७ मध्ये परत आणलं तेव्हा ते ४२ मिलिमीटरचं ऑटोमॅटिक झालं होतं. पुढे ४० चं आलं, आणि २०२१ मध्ये हातचावीचंही आलं. ग्राहकांनी कुरकुर केली की कंपन्या ऐकतात, असा याचा अर्थ मी काढतो. बुलोव्हाची तऱ्हा आणखी न्यारी. अपोलो १५ वर डेव्हिड स्कॉट यांनी १९७१ मध्ये चंद्रावर घातलेलं घड्याळ या कंपनीने पुन्हा काढलं, ते ४५ मिलिमीटरचं आणि आत २६२ किलोहर्ट्झचं क्वार्ट्झ. चेहरा चंद्रावरचा, काळीज बॅटरीवरचं. दुसऱ्या टोकाला झेनिथ ही कंपनी. १९७५ मध्ये यांत्रिक क्रोनोग्राफ बंद करायचा हुकूम आला तेव्हा शार्ल व्हर्मो या कारागिराने तिच्या एल प्रिमेरो या क्रोनोग्राफ मशीनची हत्यारं आणि आराखडे कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवले. त्यामुळे आजच्या ए३८४ रिव्हायव्हलमध्ये, ३७ मिलिमीटरच्या त्याच अंगात, १९६९ च्याच वंशाचं मशीन धडधडतं. माझ्या मते रीइश्यू या शब्दाला इतकं जागलेलं घड्याळ दुसरं नाही.

ह्यूअरच्याच मोनॅको या घड्याळाचं एक उदाहरण देतो, कारण एका खुणेवर विसंबायचं नाही हे त्यातून चांगलं कळतं. १९६९ ची निळी ऑटोमॅटिक मोनॅको म्हणजे चावी डावीकडे, बटणं उजवीकडे. १९९८ च्या री-एडिशनला चावी उजवीकडे आली. छान, सोपी खूण मिळाली, असं वाटेल. पण सत्तरच्या दशकातल्या हातचावीच्या अस्सल मोनॅकोलाही चावी उजवीकडेच होती, आणि अलीकडच्या एका रीइश्यूला ती पुन्हा डावीकडे गेली आहे. म्हणजे चावीची बाजू, तबकडीचा रंग, मशीन आणि क्रमांक ही चारही एकाच सालाकडे बोट दाखवतायत का, ते बघावं लागतं. एकानेही वेगळीकडे बोट दाखवलं की थांबायचं.

आता तुमचा लाल तारा. याची गोष्ट मला मनापासून आवडते. १९६१ मध्ये चीनच्या हवाई दलासाठी क्रोनोग्राफ बनवायचं काम तियानजिनच्या घड्याळ कारखान्याकडे आलं, प्रकल्पाचा क्रमांक ३०४. स्विस व्हीनस १७५ या मशीनचे आराखडे आणि ते बनवायची यंत्रसामग्री विकत आणून त्यांनी एसटी३ तयार केलं. मूळ घड्याळं थोडीच बनली आणि ती वैमानिकांना मिळाली, दुकानात विकायला नव्हतीच. म्हणून 'ओरिजिनल १९६३' स्वस्तात मिळतंय, या वाक्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. तुम्हाला दिसलेलं घड्याळ रीइश्यू आहे, आत त्याच वंशातलं एसटी१९ असणार, आणि 'झुआन' म्हणजे मशीनमधले खडे, ज्वेल. मागचं झाकण काचेचं असेल तर आत नीट बघा. तुमच्या महागड्या कॅरेरा री-एडिशनमध्ये नसलेला तो खांबांचा बुरुज या स्वस्त घड्याळात फिरताना दिसेल. सेकंदाला पावलं सहा.

स्वस्त आहे म्हणून भिऊ नका, पण कोण विकतोय याची मात्र भीती बाळगा. तियानजिनचा तोच कारखाना म्हणजे आजची सीगल, तिच्याखेरीज इतर अनेक जण हेच मशीन घेऊन, स्वतःच्या केसमध्ये बसवून तीच तबकडी विकतात. मशीन एक, पण जुळणी, तेल आणि तपासणी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून परत घ्यायची लेखी अट आणि किमान वर्षाची वॉरंटी नसेल तर हे घड्याळ घेऊ नका. हातात आलं की पहिल्याच दिवशी क्रोनोग्राफ चालू करून तासभर चालू द्या. मिनिटांचा काटा दर मिनिटाला पुढे जातोय का, घड्याळ मधेच दमून थांबत तर नाही ना, शून्यावर आणल्यावर मोठा काटा बरोबर बारावर येतो की थोडा तिरका राहतो, हे सगळं तेव्हाच बघा. आणि काटा पळत असताना शून्याचं बटण दाबू नका. आधी थांबवा, मग शून्य. या मशीनला ती घाई चालत नाही. खोलीचा आकडा ३० मीटर लिहिलेला असला तरी पोहायला नेऊ नका, हात धुतानाच्या शिंतोड्यांपुरता तो असतो.

'कागदपत्रं नाहीत' याची तुम्हाला चिंता वाटतेय. वाटू द्या, पण त्या कागदांवर फार भारही नको. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात १९५७ चं एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेलं. घेणारी खुद्द ओमेगा होती, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या ठिकाणच्या भागांतून जुळवलेलं होतं. बनवणारेच फसले, तिथे तुम्ही-मी फोटो बघून काय छातीठोक सांगणार! रीइश्यूची बाजू मला म्हणूनच घ्यावीशी वाटते. त्याचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि वॉरंटी कार्ड जुळवून बघता येतं, अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवता येतं, आणि तबकडी रंगवलेली आहे की नाही या चिंतेने झोप उडत नाही. मूळ जुनं घ्यायचंच असेल तर लाँजिनसारख्या कंपन्या क्रमांकावरून आपल्या जुन्या नोंदी तपासून देतात. पहिलं जुनं घड्याळ घेणाऱ्याने अशाच कंपनीचं घ्यावं.

तुमच्या जागी मी असतो तर लाल तारा आधी घेतला असता, वॉरंटीसकट, आणि सहा महिने रोज चावी देत वापरला असता. हातचावीचं क्रोनोग्राफ आपल्याला झेपतं का, ३८ मिलिमीटर मनगटावर शोभतं का, बटणं दाबायची हौस टिकते का, हे तेवढ्यात कळतं. कॅरेरावाल्या गृहस्थांना दरम्यान दोनच गोष्टी मागा: पट्टा काढून शिंगांच्या मधला फोटो, आणि क्रोनोग्राफचा काटा धावतानाचा दहा सेकंदांचा स्लो मोशन व्हिडिओ. ते '१९९६ नंतरची री-एडिशन' असं लिहून द्यायला तयार झाले आणि किंमत त्या हिशेबात उतरवली, तर जरूर घ्या. पट्टा काढायला स्क्रू-ड्रायव्हर नाही असं उत्तर आलं, तर तो तुमचा तुम्ही घेऊन जा म्हणावं, आणि सोबत घड्याळ दुरुस्त करणारा ओळखीचा माणूसही न्या.